येळंदूरचा धडा



अपस्मार, अर्थात आपल्या बोलीतील फेफरे किंवा मिरगी, हा मेंदूचा विकार आहे. मेंदूतील विद्युत्-क्रियेत अकस्मात बिघाड झाला की झटका येतो. तो दैवी कोप नव्हे, बाहेरची बाधा नव्हे आणि संसर्गजन्य तर मुळीच नव्हे. हे सत्य रुग्णाच्या उंबरठ्यापर्यंत नेणाऱ्यांमध्ये बंगळूरचे दिवंगत मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. के. एस. मणी यांचे स्थान मोठे आहे.

डोक्यावरून कढत पाणी ओतून घेताना काहींना झटका येतो, असे दक्षिण कर्नाटकात आढळत असे. डॉ. मणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचा पद्धतशीर अभ्यास केला. स्नानाच्या नित्य सवयीतही रोगाचे कारण दडलेले असू शकते, हे त्यातून दिसले.

पुढे १९९० च्या सुमारास त्यांनी येळंदूर या ग्रामीण तालुक्यात सुमारे ६५ हजार लोकवस्तीची घरोघर पाहणी हाती घेतली. रुग्ण शोधून त्यांना फेनोबार्बिटल वा फेनिटॉइन ही स्वस्त, जुनी औषधे दिली आणि अनेक वर्षे पाठपुरावा केला. २००१ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. थोडे झटके आलेले असतानाच उपचार सुरू झाले आणि औषध नियमित घेतले, तर खेड्यातही रोग आटोक्यात येतो, हा त्यांचा सारांश होय.

औषधाने झटके थांबले, तरी समाजाची भीती थांबत नाही. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचा उल्लेख वेडाच्या बरोबरीने झाला होता. डॉ. मणी आणि भारतीय अपस्मार संघ यांनी त्याविरुद्ध प्रयत्न केले. १९९९ मध्ये तो उल्लेख वगळण्यात आला. कायदा बदलला, मुलीचे दुखणे लपविण्याची आणि त्यापायी औषध सोडण्याची रीत मात्र अजून सरलेली नाही.

येथेच आपले कर्तव्य सुरू होते. झटका आल्यास शिक्षकाने मुलाला कुशीवर वळवावे, आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्यात. तोंडात काही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, कांदा वा चप्पल हुंगवू नये. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. अधिकारी व पंचायत सदस्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधाचा खंड पडत नाही ना, हे पाहावे. कारण औषध एकाएकी बंद होणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.