दाराला कडी, राउटरला?

संगणकावरच्या खेळांचा मला जुना नाद. परगावच्या भाच्याबरोबर ‘माइनक्राफ्ट’ खेळायचं म्हणून मी राउटरचं एक पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दारच, उघडलं. खेळ संपला, दार महिनोन्‌महिने सताड उघडं! पासवर्डही कारखान्यातून आला तोच.

२०१६ साली माइनक्राफ्टच्या सर्व्हरधंद्यातल्या चढाओढीतून तीन अमेरिकन तरुणांनी ‘मिराई’ हा घातक प्रोग्राम सोडला. असेच न बदललेले पासवर्ड वापरून त्यानं लाखो कॅमेरे, राउटर ताब्यात घेतले आणि दुसऱ्यांच्या सर्व्हरवर हल्ल्याला जुंपले. मालकांना पत्ताही नव्हता.

हे वाचलं आणि त्याच रात्री मी पोर्ट बंद केलं, पासवर्ड बदलला. पाच मिनिटांचं काम. आज तुम्हीही करा. खेळ मात्र सोडू नका!