पदावरील सत्ताधीश आणि हेगचे पकड वॉरंट

४ मार्च २००९ रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने सुदानचे अध्यक्ष ओमर अल बशीर यांच्याविरुद्ध पकड वॉरंट काढले. अधिकारपदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध या न्यायालयाने काढलेले ते पहिलेच वॉरंट होय. दार्फुर प्रांतातील ज्या संहारात संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे तीन लाख माणसे दगावली, त्याचा आरोप त्यांच्यावर होता; पुढच्याच वर्षी वंशसंहाराच्या आरोपाचे दुसरे वॉरंटही निघाले. पण बशीर त्यानंतर दहा वर्षे अध्यक्षपदावर राहिले. न्यायालयाच्या करारावर ज्यांनी शिक्कामोर्तब केले होते त्या चाड, केनिया, मलावी या देशांनीही त्यांचे इतमामाने स्वागत केले. वॉरंट निघताच त्यांनी तेरा परदेशी मदतसंस्थांना देशाबाहेर काढले. म्हणजे न्यायासनाने बजावलेल्या कागदाची पहिली किंमत छावण्यांतील निर्वासितांना मोजावी लागली, आरोपीला नव्हे.

तेव्हा असली वॉरंटे म्हणजे कागदाचे कपटे, असे म्हणणाऱ्यांची बाजू सकृद्दर्शनी भक्कम दिसते. या न्यायालयाजवळ स्वतःचे पोलीसदल नाही. आरोपीला पकडायचे कोणी, तर सव्वाशेच्या आसपास असलेल्या सदस्य राष्ट्रांनी. आणि राष्ट्रे म्हणजे त्या त्या वेळची सरकारे. परंतु मित्रहो, हे वर्णन येथेच संपवणे सोयीचे असले तरी खरे नाही. कायद्याचा कागद कधीच स्वतःच्या पायांनी चालत नसतो. त्याला चालवणारे बळ कोणते, ते कोठून येते आणि त्या बळाचा मोबदला कोण मागतो, हा खरा प्रश्न आहे.

या दृष्टीने युगोस्लाव्हियाचे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. स्लोबोदान मिलोसेविच अध्यक्षपदावर असतानाच, मे १९९९ मध्ये, कोसोव्होतील अत्याचारांबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या खास न्यायाधिकरणाने त्यांच्यावर आरोपपत्र ठेवले. त्या दिवशी बेलग्रेडमध्ये काहीही घडले नाही. सप्टेंबर २००० मध्ये ते निवडणूक हरले, आणि निकाल मान्य करण्यास नकार देताच ५ ऑक्टोबरला लाखो लोक राजधानीत उतरले. त्यांत कोलुबारा खाणीतील संपकरी कामगारांचा वाटा मोठा होता. मिलोसेविच यांची सत्ता घालवली ती या लोकांनी. हेगच्या न्यायाधीशांनी नव्हे.

पुढचा भाग मात्र वेगळ्याच हिशेबाने लिहिला गेला. युद्धांनी आणि आर्थिक बहिष्काराने जर्जर झालेल्या देशाला कर्ज व मदत हवी होती. न्यायाधिकरणाशी सहकार्य केल्याचे दिसले तरच मदत चालू राहील, असे सांगून अमेरिकेने ३१ मार्च २००१ ही मुदत घातली. मिलोसेविच यांना देशांतर्गत गुन्ह्यांसाठी अटक झाली ती १ एप्रिलला. २९ जूनला ब्रसेल्स येथे मदत देणाऱ्या राष्ट्रांची परिषद भरायची होती. २८ जूनला झोरान जिंजिच यांच्या सरकारने, घटनात्मक न्यायालयाची स्थगिती बाजूला सारून, मिलोसेविच यांना हेगच्या स्वाधीन केले. दुसऱ्या दिवशी परिषदेने सुमारे १२८ कोटी डॉलरचे आश्वासन दिले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या तारखांवर भाष्य नको.

या व्यवहारात न्याय झाला नाही असे म्हणता येणार नाही. कोसोव्होतील विधवांना आरोपी पिंजऱ्यात उभा दिसला, ही लहान गोष्ट नव्हे. पण जो न्याय सावकाराच्या मुदतीबरोबर येतो तो सावकाराच्या ऋणकोलाच लागू पडतो, हेही तितकेच खरे. ज्याला कर्ज नको त्याला वॉरंटाचे भय कमी. जिंजिच यांचा मार्च २००३ मध्ये खून झाला. मिलोसेविच मार्च २००६ मध्ये, निकाल लागण्यापूर्वीच, कोठडीत मरण पावले.

लायबेरियाचे चार्ल्स टेलर यांची हकिगत थोडक्यात सांगता येईल. जून २००३ मध्ये ते घानातील शांतता-बोलण्यांसाठी गेले असताना त्यांच्यावरील आरोपपत्र उघड झाले. घानाने त्यांना पकडले नाही. ‘आता बोलणी फिसकटणार’ असा गहजब झाला. प्रत्यक्षात दोन महिन्यांत टेलर यांनी पद सोडले. २००६ मध्ये ते पकडले गेले आणि २०१२ मध्ये त्यांना पन्नास वर्षांची शिक्षा झाली. वॉरंटामुळे जुलमी सत्ताधीश खुर्चीला अधिकच चिकटतो, हा आक्षेप नेहमीच खरा ठरतो असे नाही.

पुन्हा बशीर यांच्याकडे वळले पाहिजे, कारण या विषयातील सर्वांत बोधप्रद घटना त्यांच्या प्रवासात घडली. जून २०१५ मध्ये ते आफ्रिकी संघाच्या परिषदेसाठी जोहान्सबर्गला आले. दक्षिण आफ्रिकेने न्यायालयाचा करार २००२ मध्ये स्वतःच्या कायद्यात उतरवला होता. त्या कायद्याच्या आधारे एक नागरी संस्था प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने बशीर यांना देश सोडू देऊ नये असा हुकूम दिला. दुसऱ्या दिवशी अटकेचा आदेश निघाला, तोवर पाहुणे लष्करी विमानतळावरून पसार झाले होते. सरकारने स्वतःच्याच न्यायालयाला चकवले. हेगची फजिती झाली म्हणून अनेकांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

परंतु मार्च २०१६ मध्ये त्याच देशाच्या वरिष्ठ अपील न्यायालयाने सरकारचे वर्तन बेकायदा ठरवले, आणि त्या निकालाचे फळ सात वर्षांनी दिसले. युक्रेनची मुले पळवून नेल्याच्या आरोपावरून १७ मार्च २०२३ रोजी रशियाचे अध्यक्ष पुतिन यांच्यावर वॉरंट निघाले. त्याच ऑगस्टमध्ये ब्रिक्स राष्ट्रांची बैठक जोहान्सबर्गलाच होती. पुतिन गेले नाहीत, दूरचित्राद्वारे बोलले. एका महासत्तेच्या प्रमुखाला मित्रदेशाची वाट बंद झाली ती हेगच्या पोलिसांमुळे नव्हे. प्रिटोरियातील त्या अर्जामुळे आणि स्थानिक कायद्यामुळे. उलट सप्टेंबर २०२४ मध्ये ते सदस्य असलेल्या मंगोलियात गेले आणि सुखरूप परतले. इंधनासाठी रशियावर अवलंबून असलेल्या त्या देशाकडून दुसरे काही होईल अशी अपेक्षाही कोणी केली नव्हती.

आणि बलवानांचे काय? पुतिन यांच्यावरील वॉरंट अमेरिकेच्या अध्यक्षांनी योग्य ठरवले होते; २१ नोव्हेंबर २०२४ रोजी गाझातील युद्धाबद्दल इस्रायलचे तत्कालीन पंतप्रधान नेतान्याहू यांच्यावर वॉरंट निघताच त्याच अध्यक्षांनी ते निंद्य ठरवले. पुढच्या अध्यक्षांनी २०२५ मध्ये न्यायालयाच्या अभियोक्त्यावर आणि नंतर न्यायाधीशांवरही आर्थिक निर्बंध लादले. एप्रिल २०२५ मध्ये सदस्य असलेल्या हंगेरीने नेतान्याहूंना पायघड्या घातल्या आणि करारातून बाहेर पडण्याची घोषणा केली. ज्या कागदाला काहीच किंमत नाही, तो काढणाऱ्या न्यायाधीशांची बँकखाती गोठवण्यापर्यंत महासत्तेने का यावे, हा प्रश्न ‘कपटा’वाद्यांनी स्वतःला विचारावा.

भारताची भूमिका या सर्वांत कोठे बसते? जुलै १९९८ मध्ये रोम येथे १२० राष्ट्रांनी कराराच्या बाजूने, ७ राष्ट्रांनी विरुद्ध मत दिले. तटस्थ राहिलेल्या २१ राष्ट्रांत भारत होता. सुरक्षा परिषदेला खटले सोपवण्याचा व थांबवण्याचा अधिकार देऊ नये, अण्वस्त्रांचा वापर गुन्ह्यांच्या यादीत असावा, हे भारताचे आक्षेप होते आणि ते पोकळ नव्हते. स्वतः सदस्य नसलेली अमेरिका आणि रशिया सुरक्षा परिषदेत बसून दुसऱ्यांचे खटले ठरवतात, ही विसंगती आजही तशीच आहे. पण या रास्त आक्षेपांच्या आडोशाने भारताच्या सरकारांनी दुसरीही एक गोष्ट टाळली. जोहान्सबर्गच्या प्रकरणाला जेमतेम चार महिने झाले असता, ऑक्टोबर २०१५ मध्ये, बशीर आफ्रिका परिषदेसाठी नवी दिल्लीत आले आणि सन्मानाने परतले. डिसेंबर २०२५ मध्ये पुतिन आले. सदस्य नसल्यामुळे त्यांना पकडण्याचे कायदेशीर बंधन भारतावर नव्हते, हे खरेच आहे. परंतु प्रिटोरियातील अर्जदारांच्या हाती निदान त्यांच्या संसदेचा कायदा होता. भारताने वंशसंहारविरोधी करार १९५९ सालीच मान्य केला. तरी १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या न्याय संहितेतही वंशसंहार किंवा मानवतेविरुद्धचा गुन्हा या नावाचे कलम नाही. तेव्हा दिल्लीच्या उच्च न्यायालयात कोणी अर्ज घेऊन उभा राहिला असता, तर त्याने कोणत्या कलमावर बोट ठेवले असते?