राजदूताची जाहीर वाणी

कोल्हापूरच्या या दीक्षान्त समारंभात पदवी घेणाऱ्या स्नातकांपैकी काहीजण उद्या परराष्ट्रसेवेत जातील, आणि नेमणुकीच्या देशातील राज्यकर्ते चुकत असतील तर राजदूताने ते चारचौघांत बोलून दाखवावे का, हा प्रश्न त्यांना कधी ना कधी सोडवावा लागेल. 1961 च्या व्हिएन्ना कराराचे 41 वे कलम दूताला यजमान देशाच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप करण्यास मनाई करते, तर 9 वे कलम त्या देशाला, कोणतेही कारण न सांगता, दूतास ‘अस्वीकार्य व्यक्ती’ ठरवण्याचा, म्हणजेच त्याला माघारी बोलवा असे त्याच्या सरकारला कळवण्याचा अधिकार देते. ही प्रथा कराराहून जुनी आहे. मॉस्कोतील अमेरिकी राजदूत जॉर्ज केनन यांनी 1952 मध्ये बर्लिनला पत्रकारांशी बोलताना मॉस्कोतील जगण्याची तुलना नाझी जर्मनीतील आपल्या स्थानबद्धतेशी केली आणि काही आठवड्यांतच सोव्हिएत सरकारने त्यांना अस्वीकार्य ठरवले.

मराठी इतिहासात मात्र उलट उदाहरणही आहे. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना कंपनी सरकारने 1839 मध्ये पदच्युत केल्यावर त्यांचे वकील, म्हणजे दरबाराचे प्रतिनिधी, रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि 1853 पर्यंत तेथे राहून, संचालकांनी दाद दिली नाही तेव्हा भागधारकांपुढे व इंग्लंडच्या लोकमतापुढे त्यांनी कंपनीच्या अन्यायाची कैफियत उघडपणे मांडली. ज्याला दूत म्हणून मान्यताच नाही, त्याच्यासाठी बंद खोलीतील चर्चेचा मार्ग खुला नसतो. म्हणून रंगो बापूजींचे जाहीर बोलणे केवळ क्षम्य नव्हे, तर त्यांचे कर्तव्यच होते, असे म्हटले पाहिजे.

मान्यताप्राप्त दूताची गोष्ट वेगळी असते. शिरोळ तालुक्यातील अब्दुललाटचे ज्ञानेश्वर मुळे मालदीवमध्ये भारताचे उच्चायुक्त होते (राष्ट्रकुलातील देश एकमेकांकडे जो राजदूत पाठवतात त्याला हे नाव आहे). माले विमानतळासाठी जीएमआर या भारतीय कंपनीशी झालेल्या करारावरून वाद पेटला असता, नोव्हेंबर 2012 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या प्रवक्त्याने भर सभेत त्यांना मालदीवचा शत्रू म्हटले. त्याला तशाच भाषेत उत्तर देणे सोपे होते, टाळ्याही मिळाल्या असत्या. पण भारतीय उच्चायुक्तालयाने हा विषय तेथील सरकारकडे नेला, राजनैतिक प्रश्न सभेच्या व्यासपीठावरून सोडवणे उचित नाही अशी भूमिका घेतली, आणि सरकारला त्या विधानापासून अंग काढून घ्यावे लागले. या संयमाने करार वाचू शकला नाही, महिनाअखेरीस तो रद्दच झाला. तरीही 13 फेब्रुवारी 2013 रोजी अटकेचे वॉरंट निघालेले माजी राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद याच उच्चायुक्तालयाच्या आश्रयाला आले, आणि 23 फेब्रुवारीला ते बाहेर पडेपर्यंत मालदीवच्या सरकारला बोलणी करावी लागली ती भारताशीच.