फुकट धान्याचें मोल

मुंबईंत १९४३ सालीं शिधावाटप सुरू झालें, तेव्हां शिधापत्रिका दाखवून व दाम मोजून धान्य मिळे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें प्राधान्य कुटुंबांस माणशीं दरमहा ५ किलो धान्य ठरलें. २०२३ पासून तें मोफतहि झालें. पण आतां यंत्रावर अंगठा टेकवावा लागतो. धुणींभांडीं करणाऱ्या बाईचा अंगठा झिजलेला. यंत्र तिला ओळखीत नाहीं. ‘उद्यां या,’ एवढें ऐकून ती परतते, आणि कामाच्या घरीं खाडा पडतो. फुकटचें धान्य असें महाग पडतें. वास्तविक, अंगठा जुळला नाहीं म्हणून कोणास रिकाम्या हातीं परत पाठवूं नये, असा केंद्र सरकारचा २०१७ सालचा आदेश आहे. तो दुकानाच्या पाटीवर दिसला पाहिजे. आणि सुशिक्षित घरांनीं त्या दिवसाचा खाडा धरूं नये.