पावसाचे ऋण

फ्रान्समध्ये कालव्यांतून होडीने हिंडायला तुम्ही गेलात, तर पाऊस एखाद-दुसरा दिवस अडकवणारच. आम्हां उभयतांना त्याने कास्तेलनोदारी गावी तीन दिवस डांबून ठेवलं. होडी तळ्याकाठी बांधलेली, सुटी संपत आलेली. समुद्र गाठायचा बेत बुडाला. मी पावसाच्या नावाने खडे फोडू लागलो. सौ. म्हणाली, "होडी तरंगतेय कशावर, ते बघा आधी!"

खरंच की! हा मिदी कालवा तुलूजहून भूमध्य समुद्रालगतच्या खाजणापर्यंत २४० किलोमीटर जातो. वाटेत नोरूझची खिंड, १८९ मीटर उंचीवर. तिथे पाणी चढणार कसं? पिएर पॉल रिके याने काळ्या डोंगरातले ओढे वळवले, पावसाचे पाणी साँ-फेरेओलच्या धरणात साठवले आणि चर खणून खिंडीत आणून सोडले. तिथून ते दोन्ही अंगांना उतरते. त्यापायी त्याने पदरचा पैसा ओतला, कर्ज केले. १६८० साली तो वारला. कालवा खुला झाला १६८१ मध्ये.

तेव्हा पावसाने अडवलं, तर चिडू नका. आम्ही चहाचं आधण ठेवलं आणि टपावरचा पाऊस ऐकत बसलो. पुरा झालेला कालवा रिकेलाही दिसला नाही. आमचा तर नुसता समुद्र राहिला!