विहिरीची आकृती : ‘यीजिंग’ आणि रोजचे जीवन



कोकणात किंवा गोव्यात देवाला कौल लावताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. पाषाणमूर्तीला ओल्या कळ्या चिकटवावयाच्या, गाऱ्हाणे घालावयाचे आणि उजवीकडची कळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार मानावयाचा. (‘कौल’ हा शब्द मूळचा अरबी, आज आपण तो निवडणुकीच्या निकालालाही लावतो.) आता अशी कल्पना करा, की एकाच प्रश्नावर सहा कौल घेतले आणि ते रेघांनी खालून वर मांडले : होकाराची रेघ अखंड, नकाराची मध्ये तुटलेली. अशा ६४ आकृती होतात. ‘यीजिंग’ हा प्राचीन चिनी ग्रंथ म्हणजे अशाच ६४ आकृती आणि त्यांवरील वचने. साम्य येथेच संपते, कारण त्या ग्रंथात होकार-नकार नाही. प्रत्येक आकृती एक प्रसंग पुढे ठेवते.

ग्रंथाचे वय मोठे आहे. हूनान प्रांतातील मावांगद्वी येथे इ. स. पूर्व १६८ मधील एका थडग्यातून १९७३ साली त्याची रेशमावर लिहिलेली प्रत निघाली, आणि मूळ वचने तिच्याहूनही कित्येक शतके जुनी आहेत. आकृती मिळविण्याची जुनी रीत पन्नास काड्यांची. त्यांतील एक बाजूला ठेवून उरलेल्या मोजावयाच्या. नंतर तीन नाणी सहा वेळा टाकण्याची सोपी रीत रूढ झाली. तिचा तपशील येथे सांगत बसत नाही.

करोल बागेत बोलावयाचे, म्हणून मी अठ्ठेचाळिसावी आकृती निवडली आहे. तिचे नाव ‘जिंग’, म्हणजे विहीर. खाली लाकडाचे चिन्ह, वर पाण्याचे. ग्रंथाचा आशय असा, की नगर हलविता येते, विहीर हलविता येत नाही. या वस्तीला हे समजावून सांगण्याची गरज नाही. नव्या राजधानीसाठी माधोगंज, जयसिंगपुरा, राजा का बाजार येथून उठविलेली माणसे १९२०च्या सुमारास येथे आली. १९४७ मध्ये कितीतरी मुसलमान कुटुंबे येथून गेली आणि पश्चिम पंजाबातील निर्वासित आले. खानापूर-आटपाडीच्या अवर्षणग्रस्त भागातून सोन्याचांदीचे गलाई काम करणारे आपले लोकही आले. त्यांच्यापैकी एखाद्याने ‘म्हातारे आईवडील गावी, मुलांची शाळा येथे, राहू की परत जाऊ?’ असे विचारले आणि ही आकृती आली, तर तिचा अर्थ काय घ्यावयाचा?

जा किंवा राहा, असे ती सांगत नाही. तिच्यातील पहिली रेघ गाळाने भरलेल्या विहिरीची आहे. तिचे पाणी कोणी पीत नाही. तिसऱ्या रेघेची विहीर उपसून स्वच्छ केलेली आहे, पण तिच्याकडे कोणी फिरकत नाही. माझ्या मते साऱ्या आकृतीत सर्वांत दुःखद रेघ हीच. चौथीत विहीर आतून बांधून काढली जात आहे. तोवर पाणी मिळावयाचे नाही, पण त्यात कोणाचा दोष नाही. आणि अनिष्ट कशाला म्हटले आहे? विहीर आटण्याला नव्हे. दोर थोडासा आखूड पडला, घागर फुटली, ते अनिष्ट. प्रश्न विचारणाऱ्याने आपला दोर मोजावयाचा आहे : आईवडिलांना गेल्या वर्षात किती पत्रे लिहिली, किती वेळा भेटलो, मुलांना घरची भाषा येते की नाही. राहिला तरी आणि गेला तरी, हा हिशेब त्याला करावाच लागेल.

चांगली आकृती आली म्हणून हुरळून जाणाऱ्यांसाठी जुन्या बखरीत एक प्रसंग आहे. इ. स. पूर्व ५३० मध्ये लू राज्यातील नान क्वाइ नावाचा कारभारी आपल्या धन्याविरुद्ध बंड करण्याच्या विचारात होता. त्याने कौल घेतला. पिवळ्या अधोवस्त्राची, परम मंगल मानलेली रेघ आली. हेतू न सांगता त्याने ती ह्वेइबो या जाणत्या सरदाराला दाखविली. ह्वेइबोने उत्तर दिले, की काम निष्ठेचे असेल तर हे शुभ आहे, नसेल तर काम फसेल. पिवळा रंग मध्याचा, अधोवस्त्र खालच्या जागी शोभणारे, आणि हे गुण विचारणाऱ्यात नसतील तर रेघ त्याची नव्हेच. घातक कामासाठी यीजिंगला विचारू नये, असेही त्याने बजावले. नान क्वाइने बंड केले. ते फसले, आणि त्याला शेजारच्या छी राज्यात पळून जावे लागले.