जुन्या चित्रातील मुद्रा
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



सवाई माधवराव पेशवे व नाना फडणवीस यांचे, जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने १७९२ साली काढलेले तैलचित्र आपणांपैकी अनेकांनी पुस्तकांतून पाहिले असेल. मूळ चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. अलंकार ल्यालेले तरुण पेशवे, जवळ नाना, मागे सेवक. हे चित्र पुढे आले की कोणीतरी हटकून म्हणतो, ‘काय ही पोराच्या डोळ्यांतली उदासी!’ आणि नानांकडे बोट दाखवून, ‘हे त्याचे पहारेकरी!’

आम्हांस या वाचनाविषयी शंका आहे. त्या वेळी पेशवे अवघे १८ वर्षांचे होते. शनिवारवाड्यातून त्यांचे पडणे १७९५ च्या ऑक्टोबरातले. (तो अपघात की आत्मघात, हा वाद अद्यापि मिटलेला नाही.) ज्या शेवटाची छाया आपण त्या मुद्रेवर पाहतो, तो चित्रकारास तीन वर्षे आधी कोठून ठाऊक असणार? आपणांस तो ठाऊक आहे; आपणच तो मागे नेऊन त्या डोळ्यांत ठेवतो. नावे झाकून हेच चित्र एखाद्या परक्यास दाखवावे. तो कदाचित एवढेच म्हणेल की, मुलगा बसून बसून कंटाळला आहे!

आणि त्यातही तथ्य असू शकेल. तैलचित्रासाठी दीर्घकाळ स्थिर बसावे लागे. इतका वेळ हसू टिकत नाही. ओठ मिटतात, नजर जड होते. शिवाय थोरांच्या चित्रात गांभीर्यच शोभते, असा संकेत. नानांच्या बाबतीत तर अधिकच जपावे. पन्नाशीचा, कृश अंगलटीचा पुरुष. गाल बसले की चेहरा आपसूकच कठोर दिसतो. तेवढ्यावरून त्यांस कपटी ठरविणे हा अन्याय होय. त्यांच्या कारभाराचा निवाडा दप्तरांतील कागदांवरून करावा, गालफडांवरून नव्हे.

मग चित्रात काहीच वाचू नये काय? अवश्य वाचावे. सेवक उभे आहेत आणि नाना धन्याशेजारी बसले आहेत, यावरून त्यांच्या मानाविषयी जे कळते, ते आपल्या मनीचे नव्हे. ते चित्रातच आहे.

आपल्या घरांतूनही पूर्वजांच्या तसबिरी टांगलेल्या आहेत. ‘पणजोबा मोठे तापट असावेत हो,’ असे मुलांना सांगण्यापूर्वी तसबीर खाली उतरवावी आणि पाठीमागे नाव, साल व त्या वेळचे वय लिहून ठेवावे. हे सांगू शकतील अशी वडीलधारी माणसे काही घरांतून अजून आहेत.